तिचा पत्ता ही अमानत आहे

रमजानमध्ये मोहल्ल्यांतले व्हॉट्सॲप ग्रुप पहाटेपासून जागे असतात. सहेरी कधी संपते, इफ्तार किती वाजता, कोणत्या मशिदीत तरावीह कधी, जकात आणि फितऱ्याचे हिशेब, एखाद्या आजारी मुलासाठी मदतीचे आवाहन, असे दिवसभर काही ना काही येत असते. त्यातच एखाद्या दिवशी एक फोटो येतो. लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला एका तरुण बाईचा चेहरा आणि खाली चार ओळी : ही महिला दोन मुलांसह घरातून निघून गेली आहे, कुठे दिसल्यास या नंबरवर कळवा, पुण्याचे काम आहे, पुढे पाठवा.

रोजा धरलेला माणूस पुण्याच्या कामात मागे राहत नाही, आणि न धरलेला शेजारीही राहत नाही. तासाभरात तो फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवरून यंत्रमागधारकांच्या ग्रुपवर जातो. तिथून बचत गटाच्या, भजनी मंडळाच्या, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. इचलकरंजीतून निघालेला संदेश जयसिंगपूर, मिरज, निपाणी फिरून परत येतो. मग कोणीतरी चांगल्या मनाने लिहिते की सकाळी एसटी स्टँडवर अशीच एक बाई दिसली होती, मिरजेच्या गाडीत बसली.

हे लिहिणाऱ्याला आपण एक जीव घरी पोहोचवायला मदत केली असे वाटते. पण त्याच्यासह पुढे पाठवणाऱ्या शंभर जणांपैकी एकालाही प्रश्न पडलेला नसतो की ती हरवली आहे, की सुटली आहे?

हरवलेली माणसे असतात. स्मृती गेलेली वृद्धा असते, फसवून नेलेली अल्पवयीन मुलगी असते. त्यांचा शोध लागलाच पाहिजे. पण घरातला मार सहन न होऊन, मुलांना हाताशी धरून, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली बाईही त्याच चार ओळींत बसवता येते. संदेशात मार लिहिलेला नसतो. आणि ज्या नंबरवर कळवायचे असते तो अनेकदा पोलिसांचा नसतो, ज्याच्यापासून ती पळाली त्याचाच असतो.

कौटुंबिक हिंसा ही कुठल्या एका जमातीची किंवा गल्लीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. चारांतली एक. ती कांड्या भरणारी असेल, शिलाईच्या कारखान्यात जाणारी असेल, शिक्षिका असेल किंवा सायझिंग मालकाची सून असेल. तिच्याबद्दल आपल्याकडे फार बोलले जात नाही, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. मुस्लिम घरांत याच वृत्तीला पर्दापोशी असा भारदस्त शब्द मिळतो. दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही शिकवण खरी आणि सुंदर आहे. पण ती हात उगारणाऱ्याला आडोसा देण्यासाठी वापरली जाते, तेव्हा तिचा अर्थच उलटतो. वाईट गोष्टीचा उघड बोभाटा अल्लाहला आवडत नाही, असे पवित्र कुरआनात सांगताना, ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याला मात्र यातून स्पष्टपणे वगळलेले आहे.

म्हणजे आपल्या समाजात दोन गुपिते आहेत. मारहाणीचे गुपित आपण प्राण पणाला लावून जपतो. ती कुठे गेली हे गुपित मात्र तासाभरात चव्हाट्यावर आणतो. होते नेमके उलटे. मारहाण उघडी पडली तर ती थांबण्याची शक्यता असते. पत्ता उघडा पडला तर मारणारा दारात येतो. बाई घर सोडते तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे लोक जगभर सांगत आले आहेत. ज्याचा ताबा सुटतो, तो त्याच वेळी जास्त बिथरतो.

हा ताबा आता हातातल्या फोनमधून चालतो. सुरुवात गोड असते. नवा स्मार्टफोन नवराच आणून देतो. दुकानातच स्वतःच्या नावावर सिम घेतो, स्वतःच्या ई-मेलने फोन चालू करून देतो, पासवर्डही तोच ठरवतो. बायकोला त्यातले काही कळत नाही आणि कळण्याची गरजही वाटत नाही. पुढे कधीतरी तिला कळते की माहेरी फोनवर काय बोलणे झाले, बाजारात किती वेळ लागला, कोणत्या मैत्रिणीला कोणता फोटो पाठवला, हे सगळे त्याला माहीत असते. त्यात जादू नसते. तिचे व्हॉट्सॲप त्याने दोन मिनिटांत दुसऱ्या यंत्राला जोडून ठेवलेले असते. गुगलच्या खात्यातून फोन नकाशावर कुठे आहे ते दिसते. तिने काढलेले फोटो आपोआप त्याच्याकडेही जमा होतात. पाळत ठेवणारे एखादे छुपे ॲप टाकून देणारेही मिळतात. याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचे दिसले. उरलेल्यांच्या हाती घरातला सामायिक फोन असतो, म्हणजे त्यांच्यावर पाळत ठेवायला ॲपही लागत नाही.

यावर एक वाक्य तयार असते. नवरा-बायकोत काय लपवायचे? तुझ्या मनात काही नसेल तर पासवर्ड द्यायला काय हरकत आहे? घरातली मोठी माणसेही मान डोलावतात. विश्वासाने एकमेकांचा फोन हाताळणाऱ्या जोडप्यांचा प्रश्नच नाही. पण जिथे पासवर्ड न दिल्यास थप्पड बसते, तिथे त्याला विश्वास म्हणता येत नाही. ती झडती असते.

झडतीबद्दल इस्लामी परंपरेचे म्हणणे या महिन्यात तरी आठवावे. कुरआनाच्या हुजुरात या अध्यायात तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी, सरळ मना केली आहे. नूर या अध्यायात दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय शिरू नये असे सांगितले आहे, आणि विश्रांतीच्या ठरावीक वेळी घरातल्या मुलांनीही विचारूनच आत यावे अशी ताकीद आहे. खलिफा हजरत उमर यांची एक गोष्ट याच संदर्भात सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. घरातला माणूस चूक करताना सापडला, पण त्याने खलिफांना तोंडावर ऐकवले की माझ्याकडून एक आज्ञा मोडली गेली, तुमच्याकडून तीन. तुम्ही टेहळणी केली, दरवाजा सोडून भिंतीवरून आलात आणि सलामही केला नाही. हजरत उमर यांनी ते मान्य केले आणि ते परत फिरले. ज्यांच्या हाती सगळी सत्ता होती त्यांना जो अधिकार नव्हता, तो निकाहनाम्यावर सही केल्याने नवऱ्याला मिळतो, असे मानायला आधार नाही. लग्नाच्या इतर कोणत्या विधीनेही तो मिळत नाही.

देशाचा कायदाही याच बाजूला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ पाठलागाबद्दल आहे. स्त्रीचा इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्क कसा चालतो यावर पुरुषाने पाळत ठेवणे त्यात गुन्हा धरले आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने सोपवलेला तपास वगैरे मोजके अपवाद त्यात आहेत, पण नवरा असेल तर चालेल असा अपवाद लिहिलेला नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८ नुसार न्यायदंडाधिकारी त्या पुरुषाला तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधायला मनाई करू शकतात, आणि त्यात फोन व इलेक्ट्रॉनिक संपर्क नावानिशी आला आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखाच लागू आहे. बाई तात्पुरती जिथे राहत असेल तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. निपाणीच्या माहेरी गेलेल्या बाईला त्यासाठी इचलकरंजीला येऊन सासरच्यांना तोंड देण्याची सक्ती नाही.

अलीकडे एका निकालाचा सोयीचा अर्थ लावला जातो. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराने गुपचूप केलेले फोनचे रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल असे म्हटले. तेव्हापासून आता बायकोचे सगळे रेकॉर्ड करता येते असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो निकाल न्यायालयापुढे कोणता पुरावा चालतो याबद्दल आहे. बायकोच्या फोनमध्ये हेर बसवण्याचा परवाना त्यात नाही.

कायदा इतका स्पष्ट असूनही घर सोडलेली बाई सापडते कशी? ती पत्ता सांगत नाही, तिचे रोजचे व्यवहार सांगतात. बँकेला नवऱ्याचा नंबर दिलेला असतो. तिने एटीएममधून पाचशे रुपये काढले की संदेश त्याच्या फोनवर जातो, आणि कुठून काढले तेही त्यात असू शकते. सिम त्याच्या नावावर असेल तर तो ते बंद करू शकतो, किंवा त्याच नंबरचे दुसरे सिम घेऊन तिचे ओटीपी स्वतःकडे वळवू शकतो. तिने नवा फोन घेतला, पण जुन्याच ई-मेलने चालू केला, तर जुनी पाळतही नव्या फोनमध्ये येते. मुलाच्या टॅबवर बापाचे खाते असते. नव्या शाळेच्या गॅदरिंगचा फोटो पालकांच्या ग्रुपवर येतो, गणवेशावर शाळेचे नाव असते.

सरकारी कामातही हा विचार मागेच राहतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये लाभार्थी स्त्रीबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. पती-वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित स्त्रियांसाठी नंतर कागदपत्रांची वाट काढावी लागली. पण जिचे वडील नाहीत, घटस्फोटही झालेला नाही आणि जी मार चुकवून वेगळी राहते, तिने महिन्याच्या दीड हजारांसाठी कोणाला फोन करायचा? ओटीपी मागायला केलेला तो एक फोन तिचा नवा नंबर त्याच्या हाती देतो. कोणी मुद्दाम वाईट हेतूने हा नियम केला असे नाही. नियम करताना बाई आणि नवरा एकाच छपराखाली सुखाने राहतात असे गृहीत धरले गेले. हे गृहीत धरणे बदलले पाहिजे. परक्या घरी आसरा घेतलेल्या बाईला सगळ्या कागदांवर नवऱ्याशिवाय उभे राहता आले पाहिजे.

अशा वेळी नातेवाईक एक सोपा सल्ला देतात, फोन फेकून दे. सल्ला कळवळ्याचा असतो, पण चुकीचा. फोन गेला की काम देणाऱ्याचा नंबर जातो, बँक जाते, आईचा आवाज जातो, आणि धमक्यांचे संदेश हा पुरावाही जातो. शिक्षा पुन्हा तिलाच. उतावळेपणाने सगळे पासवर्ड बदलणे किंवा छुपे ॲप काढून टाकणेही धोक्याचे ठरू शकते, कारण पाळत तुटल्याचे त्याला लगेच कळते. ती अजून त्याच घरात असेल तर त्या रात्री काय होईल, याचा विचार आधी हवा.

म्हणून क्रम महत्त्वाचा. मदत शोधायची ती संशय असलेल्या फोनवरून नको. बहिणीच्या, मैत्रिणीच्या किंवा कामावरच्या विश्वासू बाईच्या फोनवरून शोधावी, कारण १८१ ही महिला हेल्पलाइन लावली तरी तो आकडा फोनच्या यादीत राहतो. धमक्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून त्याला माहीत नसलेल्या ठिकाणी ठेवावेत. नवा ई-मेल दुसऱ्याच फोनवर उघडावा. सुरक्षित जागी पोहोचल्यावर, किंवा पोहोचण्याची तयारी झाल्यावर, स्वतःच्या नावावर सिम घ्यावे, बँकेतला आणि आधारचा नंबर बदलावा. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली यंत्रे कोणती आहेत ते पाहून अनोळखी यंत्र काढून टाकावे. नवा फोन नव्या ई-मेलने कोरा सुरू करावा, जुन्याचा बॅकअप त्यात ओतू नये. जीवावर बेतले तर ११२. ही कामे एकटीने करायची नसतात. संरक्षण अधिकारी, पोलिसांचा भरोसा सेल, सरकारचे सखी केंद्र यांच्याकडे जाताना सोबत एक माणूस असला तरी अर्धे ओझे कमी होते.

खासगी फोटो पसरवण्याची धमकी हे तर बाईला परत आणण्याचे हुकमी हत्यार झाले आहे. इथे घरच्यांनी लक्षात ठेवावे की लाज धमकी देणाऱ्याची आहे. संमतीशिवाय कोणाचे खासगी चित्र काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार गुन्हा आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. फोटो पसरण्याआधीच अडवायचा असेल तर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेली स्टॉप-एनसीआयआय ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो आपल्याकडे अडवतात.

यावर रास्त आक्षेपही आहेत. सगळ्याच तक्रारी खऱ्या नसतात, असे म्हटले जाते. बापाला मुलांना भेटण्याचा हक्क नाही का, असेही विचारले जाते. हक्क आहे, आणि तो मागण्याची जागा न्यायालय आहे. तिथे त्याचेही ऐकले जाते, तिचेही, आणि भेट कुठे, कोणाच्या देखत व्हावी हेही ठरवता येते. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त फोटो टाकणाऱ्याचे ऐकले जाते. तक्रार खोटी निघाली तर पत्ता गुप्त ठेवल्याने कोणाचे मोठे नुकसान होत नाही. ती खरी असेल आणि पत्ता फुटला असेल, तर झालेले नुकसान कोणतीही बैठक भरून काढू शकत नाही.

बैठकींचाही विषय आला आहे. जमातीचे जिम्मेदार असोत वा भावकीतली वडीलधारी मंडळी, समेट घडवताना एक अट सर्रास घातली जाते. मुलीने फोन नवऱ्याच्या हवाली करावा. तिला घरी पाठवायचे आणि मदत मागण्याचा मार्गही काढून घ्यायचा, याला समेट म्हणता येणार नाही. ही अट या रमजानपासून बंद व्हावी. मोबाईल शॉपीवाल्याने बायकोच्या फोनमध्ये कोणी ॲप टाकायला सांगितले तर नाही म्हणावे. तो गुन्ह्यात हात घालणे आहे, गिऱ्हाईकाची सेवा नव्हे. शाळेने मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी आईला विचारावे.

आणि तो फोटो पुन्हा आलाच, तर फॉरवर्ड करू नये. नंबर पोलीस ठाण्याचा आहे का ते पाहावे. ती खरेच कुठे दिसली असेल, तर गावभाग, शिवाजीनगर किंवा शहापूर यांपैकी जवळच्या पोलीस ठाण्यात सांगावे, ग्रुपवर नव्हे. सज्ञान स्त्री स्वतःच्या मर्जीने गेली असेल तर पोलिसांना तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, तिला मर्जीविरुद्ध कोणाच्या हवाली करता येत नाही. समोरच भेटली तर शोधत असलेल्याला फोन लावण्याआधी तिलाच विचारावे, बाई, कोणाला कळवू?

हे काही बाहेरून आलेले नवे खूळ नाही. १८६३ मध्ये महात्मा फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी तिथे गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, अशी जाहिरात केली होती. नाव फुटणार नाही हे वचन नसते, तर त्या दारात कोण आले असते? आपल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा केला, तोही देशाच्या कायद्याच्या कितीतरी आधी. २००५ च्या कायद्यासाठी केलेल्या २००६ च्या नियमांत, बाईची इच्छा असेल तर निवारागृहाने तिची ओळख उघड करू नये आणि ती तिथे आहे हे समोरच्याला कळवू नये, असे लिहिले आहे. फुल्यांच्या त्या वचनाचेच हे आजचे रूप आहे.

रोजा पोटाचा तसाच जिभेचा, डोळ्यांचा आणि कानांचाही असतो, असे या महिन्यात मशिदीमशिदीतून सांगितले जाते. आता त्यात अंगठ्याचीही भर घालावी लागेल. कोणी विश्वासाने हाती सोपवलेली वस्तू म्हणजे अमानत, मराठीत ठेव. ती मागणाऱ्याला नव्हे, मालकालाच परत करायची असते. संकटातल्या बाईचा पत्ता आपल्याला चुकून जरी कळला, तरी त्याची मालक तीच असते. तिने विचारल्याशिवाय तो कोणाला देऊ नये, ईद झाल्यावरही नाही.